नापास करायचा अधिकार

पाचवीच्या मुलाला प्रत्येक विषयात ५० पैकी १८ गुण हवेत, आठवीच्या मुलाला ६० पैकी २१. महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून वार्षिक परीक्षेचा हा हिशेब आहे. तेवढे गुण नाही मिळाले तर मुलाला जादा शिकवायचं, जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी फेरपरीक्षा घ्यायची, आणि त्यातही नाही जमलं तर त्याने पुन्हा त्याच वर्गात बसायचं. २०१० पासून सुरू असलेली ‘आठवीपर्यंत नापास नाही’ ही पद्धत अशा रीतीने निम्मी मोडली.

हा नियम आला तेव्हा विरोध जवळजवळ झालाच नाही. पनवेलहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये दीड तास बसायला मिळतो, त्यामुळे कुठल्याही विषयावर लोकांची मतं सविस्तर ऐकायला मिळतात. या विषयावर सगळा डबा एका बाजूला होता. ‘ढकलपासने पोरांचं वाटोळं केलं.’ बँकेतले काका, नर्सिंगचा कोर्स करणारी मुलगी, एपीएमसीत हमाली करणारा माणूस, सगळे एकच वाक्य बोलत होते. एरवी या तिघांचं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरही एकमत होत नाही.

‘ढकलपास’ हा शब्द बघा. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात त्याच्या जवळ जाणारं काही नाही. हा आपल्या लोकांनी घडवलेला शब्द आहे, आणि त्यात एक आरोप आहे. ढकलणारा कोणीतरी आहे, ढकलला जाणारा स्वतःच्या पायांनी चाललेला नाही, आणि ढकलणाऱ्याला त्याच्यापासून सुटका हवी आहे. शब्द अचूक आहे. मात्र त्यात ढकलणाऱ्याबद्दल जेवढं आहे, तेवढं मुलाबद्दल काहीच नाही, आणि शिक्षा ठरवताना नेमकं हेच कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण ‘ढकलपास’ ही कुणा दिल्लीतल्या मऊ मनाच्या अधिकाऱ्याला पडलेली लहर नव्हती. १९२९ साली हार्टोग समितीने हिंदुस्थानातल्या प्राथमिक शिक्षणाची पाहणी केली आणि दोन रोगांची नावं सांगितली. मूल मध्येच शाळा सोडतं ती गळती, आणि एकाच वर्गात एकापेक्षा जास्त वर्षं बसतं ती स्थगिती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे तेव्हापासून दिसत होतं. दोनदा नापास झालेला मुलगा आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलांत बसतो, ओठावर मिसरूड फुटायला लागते, घरी हाताला काम असतंच, मग एक दिवस तो येईनासा होतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या जे. पी. नाईकांनी, जे पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, आयुष्यभर याच गळतीचा हिशेब मांडला. तुमच्या घरातल्या साठी उलटलेल्या कुणालाही विचारा. त्यांच्या वर्गात ‘तिसरीत तीन वर्षं’ काढलेला एकजण हमखास असतो. त्याचं पुढे काय झालं असं विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही.

म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये एक साधं वाक्य आलं. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला एका वर्गात अडकवून ठेवता येणार नाही आणि शाळेतून काढता येणार नाही. कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्या वाक्याची जोडीदार अशी दुसरी तरतूद होती, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. वर्षाच्या शेवटी एकदा मुलाला तराजूत टाकण्यापेक्षा वर्षभर बघत राहा, कुठे अडतंय ते टिपा, तिथेच मदत करा. त्यासाठी महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये आकारिक आणि संकलित मूल्यमापनाची पद्धत आणली. नापास न करणं हे औषध नव्हतंच. मूल औषध घ्यायला शाळेत टिकावं म्हणून केलेली ती सोय होती. औषध म्हणजे वर्षभराची मदत.

सोय अमलात आली, कारण ती फुकट होती. नापास न करण्यासाठी कुठलीही भरती लागत नाही.

मदतीचं काय झालं? आमच्या इमारतीत एक निवृत्त गुरुजी राहतात, पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढलेले. ते सांगतात की आकारिक नोंदवहीत प्रत्येक मुलाबद्दल प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंद करायची असे. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो.’ ‘गटकार्यात आनंदाने सहभागी होतो.’ पहिल्या वर्षी त्यांनी खरोखर मुलांकडे बघून लिहिल्या. पुढे बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, नंतर व्हॉट्सअॅपवर पीडीएफ फिरू लागल्या. एका खोलीत दोन इयत्ता, मध्येच जनगणना, मतदार यादी, पोषण आहाराचा हिशेब. गुरुजींचं म्हणणं असं की पीडीएफ ही आळशीपणातून आली नाही, वेळेच्या हिशेबातून आली. मला ते पटतं, पण त्याने पीडीएफमधलं वाक्य खरं होत नाही.

आणि इथे माझ्या मते या विषयातला पहिला खरा नैतिक प्रश्न सुरू होतो.

आम्ही काहीजण शनिवारी नेरेच्या पुढे, माथेरानच्या डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका आदिवासी वाडीवर जातो आणि मुलांबरोबर पुस्तकं वाचत बसतो. संस्था वगैरे नाही. तिथे सातवीतला एक मुलगा होता, त्याला मराठीच्या पुस्तकातला कुठलाही धडा दाखवा, खणखणीत वाचून दाखवायचा. बोट चालायचं, मान हलायची. आम्ही दुसरं पुस्तक दिलं तेव्हा कळलं की तो वाचत नव्हता. वर्गात धडे ऐकून ऐकून त्याला पाठ झाले होते, आणि कुठल्या चित्राखाली कुठला धडा हे माहीत होतं. केवढी ही बुद्धी! आणि ती सगळी, आपल्याला येत नाही हे लपवण्यात खर्च झालेली. त्याच्या आईने मला विचारलं, ‘दादा, सातवीला हाय ना तो? मग यस्टीची पाटी का नाय वाचता येत त्याला?’

तिच्याकडे दरवर्षीचं प्रगतिपुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यावर ‘समाधानकारक’ लिहिलेलं होतं. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर प्रगती आणि वर्तणूक असे दोन रकाने असतात आणि दोन्हींत ‘चांगली’ लिहायचा रिवाज आहे. दाखल्यावर ते चालून जातं, मूल निघालेलंच असतं. पण सात वर्षं त्या आईला सांगितलं जात होतं की सगळं ठीक आहे. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, म्हणून तपासायचा दुसरा मार्ग तिच्याकडे नव्हता. तिला तिसरीत कुणी खरं सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं मला माहीत नाही. कदाचित काही करू शकली नसती. पण तिच्या मुलाबद्दलची गोष्ट तिच्यापासून लपवायचा अधिकार शाळेला कुठून आला?

म्हणून नापास करण्याच्या बाजूने असलेला जो सर्वांत चांगला युक्तिवाद आहे, तो मी हलका मानत नाही. तो धाकाचा युक्तिवाद नाही. ‘भीती नसेल तर पोरं अभ्यास करत नाहीत’ हे मला अर्धवट वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाला एप्रिलमधली भीती सप्टेंबरमध्ये उपयोगी पडत नाही, त्याला सप्टेंबरमध्ये एप्रिल दिसतच नाही. चांगला युक्तिवाद खरेपणाचा आहे. इयत्ता हे एक विधान आहे. ‘हा सहावीत आहे’ म्हणजे पाचवीचं याला येतं, असं आपण जगाला सांगतो. ते खरं नसताना सांगणं म्हणजे मुलाशी, पालकांशी आणि सहावीच्या शिक्षकांशी खोटं बोलणं. शिवाय ज्याला नापास होताच येत नाही, त्याच्या पास होण्याला अर्थ उरत नाही. एखाद्याकडून काही अपेक्षाच न ठेवणं हा त्याचा सन्मान नव्हे. आमच्या वाडीवरच्या मुलांना हे बरोबर कळतं. ‘आम्हाला काय, सगळ्यांनाच वर घालतात,’ असं एक मुलगी म्हणाली, आणि त्यात आनंद नव्हता.

हे सगळं मान्य केलं तरी त्यातून निघतं काय? खरं सांगा, एवढंच निघतं. ‘मागे ठेवा’ हे त्यातून आपोआप निघत नाही. आपण या दोन गोष्टी इतक्या सवयीने एकत्र बांधल्या आहेत की त्या वेगळ्या आहेत हेच दिसत नाही. डॉक्टर सांगतो साखर वाढली आहे, ते निदान. त्यानंतर तुम्हाला वर्षभर त्याच वॉर्डात ठेवून तीच निकामी ठरलेली गोळी देणं हा उपचार. निदान खरं असावं म्हणून हाच उपचार हवा, असं कोणी म्हणणार नाही.

पुन्हा पाचवीत बसवणं म्हणजे प्रत्यक्षात काय, ते डोळ्यांसमोर आणा. तीच खोली. बऱ्याचदा त्याच बाई. तेच पुस्तक, त्याच क्रमाने, त्याच वेगाने. गेल्या वर्षी ज्या पद्धतीने समजलं नाही तीच पद्धत, फक्त सोबतचे मित्र पुढे गेलेले. शिवाय पाचवीत नापास झालेल्या अनेक मुलांचं अडलेलं असतं दुसरीतच. त्यांना पाचवीचं पुस्तक दुसऱ्यांदा देऊन दुसरीचं वाचन येत नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून ग्रामीण भारतातल्या मुलांना घरी जाऊन तपासतो. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, हा त्यातला सर्वांत गाजलेला आकडा. देशपातळीवर तो गेली अनेक वर्षं निम्म्याच्या आगेमागे आहे. डब्यातल्या काकांना मी एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला होता: कायदा यायच्या आधी, मुलं सर्रास नापास होत असतानाही हा आकडा पन्नासच्या वर पण साठच्या आतच होता. म्हणजे घसरण झाली हे खरं, पण सुवर्णयुग बुडवल्याचा आरोप कलम १६ वर लावता येत नाही. काका म्हणाले, ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’ त्यांच्या वेळी ज्यांना येत नव्हतं ती मुलं पाचवीपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे मोजायला वर्गात उरायची ती येणारी.

अमेरिकेतल्या शिकागो शहराने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९९६ पासून त्यांनी ‘ढकलपास’ बंद केलं. तिसरी, सहावी आणि आठवीला परीक्षा, नापास झालात तर उन्हाळी वर्ग, पुन्हा परीक्षा, तरी नाही जमलं तर तोच वर्ग. आपल्या नियमाचा सांगाडाच. तिथल्या संशोधकांनी पुढे बरीच वर्षं या मुलांचा माग ठेवला. तिसरीत मागे ठेवलेली मुलं, जेमतेम पुढे गेलेल्या तशाच मुलांपेक्षा वाचनात पुढे गेली नाहीत. सहावीत मागे ठेवलेली उलट मागे पडली. आठवीत अडवलेल्यांत शाळा सोडण्याचं प्रमाण वाढलं. ज्याचा काही उपयोग दिसला तो होता उन्हाळी वर्ग, म्हणजे शिकवणं. हे वाचून मला हसू आलं. शिकवल्याने मुलं शिकतात, हे शोधायला एका शहराने हजारो मुलांची वर्षं खर्च केली.

आपल्याकडचा ‘उन्हाळी वर्ग’ कसा असणार? केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये कलम १६ बदललं, त्यात निकालानंतर दोन महिन्यांच्या आत जादा शिकवून फेरपरीक्षा घ्या असं आहे. महाराष्ट्रात निकाल १ मेच्या सुमारास लागतो. मग सुटी. शाळा जूनच्या मध्याला उघडते. ते जादा शिकवणं मे महिन्यात व्हायला हवं, शिक्षक सुटीवर, मुलं गावाला. रायगडमधल्या कातकरी कुटुंबांचा तर मे महिना वीटभट्टीवर जातो. दिवाळी झाली की ठेकेदाराचा टेम्पो येतो, उचल आधीच घेतलेली असते, आणि कुटुंबं जी जातात ती पाऊस लागला की परततात. म्हणजे दुसऱ्या सत्रातला मोठा भाग, वार्षिक परीक्षा, जादा वर्ग आणि फेरपरीक्षा, हे सगळं भट्टीचा हंगाम चालू असताना येतं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे, ते दाखवून जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं. कागदावर ती चांगली आहे. पण भट्टीपासून शाळा किती दूर, आणि विटा उलटायला कोणाचे हात लागतात, हे पत्रकावर लिहिलेलं नसतं.

आता खारघरमधला एक मुलगा घ्या. शाळेनंतर क्लास, क्लासनंतर आई जवळ घेऊन बसते. त्यालाही १८ हवेत, वाडीवरच्या मुलालाही १८. नियम दोघांना सारखा आहे, त्यामुळे तो न्याय्य दिसतो. पण पहिल्या मुलाच्या बाबतीत तो नियम जवळजवळ कधीच लागू पडणार नाही. तो प्रत्यक्षात दुसऱ्यासाठीच आहे. आपण एक नियम सर्वांसाठी लिहितो आणि तो कोणावर पडणार हे लिहितानाच ठाऊक असतं, अशा नियमाला काय म्हणायचं? पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. इथे एका तालुक्यात पालिकेच्या शाळा आहेत, जिल्हा परिषदेच्या आहेत, अनुदानित आहेत, आणि सिडकोच्या नोडमध्ये वातानुकूलित बसवाल्या आहेत. पाचवीतलं मूल ‘कच्चं’ आहे या वाक्याचा अर्थ या चारही ठिकाणी वेगळा आहे.

यावर माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. ती शिक्षिका आहे. ती म्हणते, ‘तू परिस्थितीचं सांगत राहशील आणि मुलाला शेवटपर्यंत काहीच येणार नाही. गरिबी हे कारण आहे, पण माझ्या वर्गात आल्यावर त्याला कारण नको, वाचता यायला हवं.’ बरोबर आहे. दयेने वाचन येत नाही. ‘बिचारा’ म्हणून पुढे ढकललेलं मूल आणि ‘नालायक’ म्हणून मागे ठेवलेलं मूल, दोघांनाही सारखंच येत नाही. दोन्ही वेळा शाळेने एक निर्णय घेतला आणि काम संपलं असं समजली. वर की खाली, या प्रश्नावर आपण इतकं भांडतो कारण त्याचं उत्तर एका सहीने देता येतं.

तिसरा एक रस्ता आहे आणि तो इथून हार्बर लाइनच्या दुसऱ्या टोकाला सुरू झाला. ‘प्रथम’ने मुंबईत ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम चालवला. पालिकेच्या शाळेतली तिसरी-चौथीतली जी मुलं मागे पडली आहेत त्यांना दिवसातले दोनेक तास वर्गाबाहेर काढायचं, वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने, थोडंसं प्रशिक्षण घेऊन, त्यांना जे येत नाही तेच शिकवायचं. इयत्ता बदलायची नाही, मित्र बदलायचे नाहीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कार्यक्रमाचा मुंबई आणि बडोद्यात काटेकोर अभ्यास केला. (बॅनर्जींची आई माहेरची पाटणकर, एवढं आपण सांगणारच.) मागे पडलेली मुलं लक्षणीय पुढे आली. गंमत म्हणजे ती बाहेर गेल्यावर वर्गात जी हुशार मुलं उरली, त्यांना वर्ग लहान झाल्याचा काही फायदा झाला नाही. म्हणजे फरक संख्येने पडला नव्हता, मुलाला जिथे अडलंय तिथून सुरुवात केल्याने पडला होता. आणि हेही सांगायला हवं की कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात यातला बराच लाभ विरून गेला. ही जादू नव्हे, रोज घालावं लागणारं पाणी आहे. पुढे यातूनच पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत तयार झाली आणि अनेक राज्यांत, देशाबाहेरही गेली.

या रस्त्यावरही काटे आहेत. वर्गातून रोज ठरावीक सात मुलं उठून बाहेर गेली की उरलेली मुलं त्यांना काय म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘ढ’ हे मराठीतलं बहुधा सर्वांत लहान अपमानाचं विशेषण आहे. गट जर वर्षभर तोच राहिला तर तो गट राहत नाही, ती जात होते; आणि आपल्या समाजाला मुलं अशी वेगळी बसवायचा जुना सराव आहे. माणसाला जन्मावरून वर-खाली बसवणाऱ्या ठिकाणी ‘पातळीनुसार’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. गट महिन्याला बदलत असतील, वाचनात एक आणि गणितात दुसरा असेल, तर मी त्याच्या बाजूने आहे. एरवी नाही.

आणि मग पुढे असलेल्या मुलांचं काय? या चर्चेत त्यांचं कोणी बोलत नाही. नवीन पनवेलमधली एक मुलगी, तिसरीत, पाचवीची अपूर्णांकांची गणितं करून बसलेली. आई-वडिलांनी शाळेत विचारलं, हिला एक वर्ग वर घेता येईल का. मुख्याध्यापिका हसल्या, म्हणाल्या वय बसत नाही. जुन्या चरित्रांत एका वर्षात दोन इयत्ता करणारी मुलं भेटतात, आता तो दरवाजा बंद झाल्यासारखाच आहे. त्याऐवजी आपण अशा मुलांना परीक्षा देतो. शिष्यवृत्ती, सहावीसाठी नवोदय, होमी भाभा बालवैज्ञानिक. पदक मिळतं, फ्लेक्स लागतो, विश्राळी नाक्यावर फोटो दिसतो, आणि सोमवारी ती मुलगी पुन्हा तोच धडा ऐकते. नापास मुलाला एक वर्ष पुन्हा काढावं लागतं तर आपल्याला कळवळा येतो. ही रोजचा दिवस पुन्हा काढते. अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती बुद्धिमान मुलांकडे लक्ष द्यावं लागतं या जाणिवेतून. पण तशी जागा प्रत्येक गावी नसते.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचं म्हणणं असं होतं की जन्मजात बुद्धी ही कोणाची कमाई नव्हे, लॉटरी आहे; म्हणून जी व्यवस्था सर्वांत मागे असलेल्याचं भलं करते तीच न्याय्य. मला हे बव्हंशी पटतं. शाळेकडे एकच बाई आणि रोजचा एकच जादा तास असेल तर तो वाडीवरच्या मुलाला मिळावा, कारण त्याला तो न मिळाल्यास एसटीची पाटी वाचता येणार नाही, आणि त्या मुलीचं नुकसान कंटाळा एवढंच आहे. पण ‘एकच तास’ ही आधी मान्य केलेली टंचाई आहे. आणि तिला वरच्या वर्गात गणितापुरतं बसू द्यायला तासही लागत नाही, फक्त वेळापत्रकात दोन वर्गांचं गणित एका वेळेला ठेवावं लागतं. दोन्ही मुलांचा शत्रू एकच आहे: जून ते एप्रिल, एका वयाची चाळीस मुलं, एका पुस्तकावर, एका वेगाने. ही रचना आपण निसर्गनियमासारखी धरून चालतो. पूर्वीच्या एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एका खोलीत असत. त्याची आपण कीव करतो, पण तिथल्या पहिलीतल्या मुलाच्या कानावर तिसरीचे पाढे आपोआप पडत.

तर मग मुलाला मागे ठेवायचंच नाही का? मी ‘कधीच नाही’ म्हणणार नाही. एखादं मूल आजारपणात वर्ष गमावून बसलं आहे, पालकांना आणि त्यालाही तेच वर्ष पुन्हा हवं आहे, तर ते द्यावं. माझा प्रश्न अधिकाराचा आहे. कोणाला नापास करायचा अधिकार कोणाला असतो? मला वाटतं, ज्याने शिकवलं त्याला. शिकवलं म्हणजे अडलेलं ओळखलं, पालकांना त्याच महिन्यात सांगितलं, वेगळ्या रीतीने प्रयत्न केला, आणि त्याची नोंद पीडीएफमधून न घेता ठेवली. हे सगळं करून झाल्यावर ती शाळा म्हणाली की याला अजून एक वर्ष द्या, आणि त्या वर्षात वेगळं काय करणार हे कागदावर लिहून दिलं, तर त्या निर्णयापुढे मी गप्प बसेन. हे न करता १८ चा आकडा दाखवणं म्हणजे आपल्या कामाचा निकाल दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर लिहिणं. तमिळनाडूने आठवीपर्यंत नापास करायचंच नाही असं ठरवलं आहे. केरळने आठवीत प्रत्येक विषयात किमान गुण आणले, पण न मिळाल्यास मुलाला जादा शिकवून पुढच्या वर्गात पाठवायचं ठेवलं. खरं सांगणं आणि मागे ठेवणं या दोन गोष्टी सुट्या करता येतात, याचं हे चालू उदाहरण आहे. आपल्याकडे केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय विद्यालयांसाठी मात्र केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये मागे ठेवण्याचाच मार्ग निवडला.

गुरुजींना मी हा अधिकाराचा मुद्दा सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘एवढं लिहून द्यायचं झालं तर कोणी कोणाला नापास करणार नाही रे.’ मी म्हटलं, चालेल की. ते म्हणाले, ‘आणि लिहायचं नको म्हणून सगळ्यांना पास करतील. म्हणजे पुन्हा ढकलपास.’

यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. लिहायची सक्ती फक्त नापास करतानाच का असावी? ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला सहावीत पाठवतानाही तोच कागद लिहायला लावा: काय येत नाही, आतापर्यंत काय केलं, सहावीच्या बाईंनी काय करायचं. आईला वाचून दाखवा आणि तिचा अंगठा घ्या. गुरुजी म्हणतात त्याचीही पीडीएफ निघेल. निघेल कदाचित. पण ‘याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत’ हे वाक्य आईसमोर मोठ्याने वाचून दाखवताना, पीडीएफमधलं असलं तरी, वाचणाऱ्याला तिच्या पुढच्या प्रश्नाला तोंड द्यावं लागेल.

त्या सातवीतल्या मुलाला आता सुटे शब्द वाचता येतात. आम्ही धड्याची पुस्तकं बंद करून एसटीच्या पाट्यांपासूनच सुरुवात केली. पनवेल, नेरे, मालडुंगे, धोदाणी. ‘मालडुंगे’मधला ‘डुं’ त्याला अजून अडतो.